गोणपाटाखालचा मार्का

आमच्या घरात एक काळी पत्र्याची पेटी आहे. तिच्या पुढच्या बाजूवर पांढऱ्या रंगात माझ्या नवऱ्याचा हवाई दलातला नंबर आहे, नाव आहे आणि खाली राजस्थानातल्या एका तळाचं नाव आहे. तो तळ सोडून आम्हाला पुष्कळ वर्षं झाली. हवाई दलातल्या लोकांच्या पेट्यांवर असं लिहिलेलं असतंच. बदली झाली की जुन्या गावाचं नाव खरवडायचं, काळा हात मारायचा आणि नवं लिहायचं, अशी रीत असते. काही जुन्या पेट्यांवर रंगाचे इतके थर बसतात की अक्षरं हाताला लागतात. आमच्या पेटीवरचं ते एक नाव मात्र मी कुणाला खरवडू दिलं नाही. नवीन गावांची नावं झाकणावर लिहिली, बाजूला लिहिली. पुढची बाजू तशीच ठेवली. ती अक्षरं माझ्या वडिलांच्या हातची आहेत.

वडील भिवंडीत कामतघरला एका लूमच्या कारखान्यात गठाणी बांधायचे. विणून झालेलं कोरं कापड घड्या होऊन त्यांच्याकडे यायचं. तागे एकावर एक रचायचे, दाबून आवळायचे, वर गोणपाट ओढायचं आणि दाभणाने सुतळीची शिवण घालायची, हे त्यांचं काम. शिवून झालं की रंगाच्या डब्यात कुंचला बुडवून गठाणीवर मार्का काढायचा. मार्का म्हणजे माल कुणाचा आणि कुठे जायचा ते. वडिलांची शाळा चौथीत सुटली. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. पण कागदावर कुणी लिहून दिलं की ते चित्र काढावं तसं हुबेहूब उतरवायचे, आणि कारखान्याच्या शेठलाही येत नसेल असं सुबक उतरवायचे.

त्यांची एक सवय होती. मार्का ते दोनदा काढायचे. गोणपाट ओढायच्या आधी एकदा आत, सगळ्यात वरच्या ताग्याच्या वेष्टणावर, आणि मग बाहेर. मी लहानपणी डबा घेऊन गेले की विचारायची, "बाबा, आतला कुणाला दिसणार?"

"गोनपाट फाटतं," ते म्हणायचे. "बाहेरचा पावसानं जातो. आतला ऱ्हातो. माल वाट चुकत न्हाय."

दुसरे गठाण बांधणारे त्यांना हसायचे. "तुला काय दुप्पट देतात का रं?" म्हणायचे. पण त्यांनी बांधलेली गठाण कधी चुकीच्या गावाला गेली, असं कुणी ऐकलं नाही.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. चाळीच्या भिंतीला लागूनच लूम होते. त्यांच्या खडखडाटात मी अभ्यास केला, आणि इतकी सवय झाली की लोडशेडिंगमध्ये लूम बंद पडले की शांततेत मला काही सुचायचं नाही. बी.ए.च्या शेवटच्या पेपराला वडील आपली शिफ्ट बदलून परीक्षा केंद्राच्या बाहेर तीन तास उभे होते. मी बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "सगलं लिवलंस?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मंग चल." एवढंच. पण घरी येईपर्यंत माझी पिशवी त्यांनीच धरली होती. मी जे काही आहे ते त्या माणसामुळे आहे, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. ते बाजूला ठेवून पुढचं लिहिता येत नाही.

बी.एड. झाल्यावर मला पडघ्याच्या पुढे एका खेड्यातल्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून घेतलं. तीन वर्षं मानधनावर शिकवायचं. ती नीट पार पडली की कायम. त्याआधी सोडलं तर केलेलं सगळं गेलं. वडिलांना शिक्षणसेवक हा शब्द जमायचा नाही. कारखान्यात कुणी विचारलं तर सांगायचे, "पोर अजून कच्ची हाय. तीन वर्सं झाली का पक्की." मग सगळा कारखाना तसंच विचारायला लागला. मी डबा द्यायला गेले की घड्या घालणारे चाचा ओरडायचे, "क्या मास्टरनी, पक्की हुई के नहीं?" मी म्हणायची, "अभी टाइम है चाचा." वडील मान खाली घालून शिवण घालत असायचे, पण हसत असायचे.

नोकरीला वर्ष झालं आणि स्थळ आलं. मुलगा कशेळीचा. घरची जमीन होती, ती आता गोडाऊनना भाड्याने दिली होती. मुलगा हवाई दलात कॉर्पोरल, विमानांच्या दुरुस्तीच्या कामावर. आमच्यापेक्षा घर मोठं होतं. तरी वडिलांनी बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं, "पोरीची तीन वर्सं पुरी व्हायची हायेत. तवर ती हितं ऱ्हाऊन शाला करील. मंग तुमच्यासंगं कुटं न्यायची तिकडं न्या."

मुलगा, म्हणजे हे, लगेच म्हणाले, "माझी काहीच हरकत नाही. मला शिकलेलीच बायको हवी होती."

आत बसून मी ते ऐकलं. माझ्या नोकरीसाठी माझा बाप एवढ्या लोकांत बोलला आणि होणारा नवरा हो म्हणाला. मला तेव्हा वाटलं की आता मला कशाचीच भीती नाही.

लग्न झालं. हे त्यांच्या तळावर बॅरेकमध्ये, मी कामतघरला आईवडिलांकडे. कशेळीहून पडघ्याच्या शाळेत पोचायचं तर पहिला तास चुकला असता, म्हणून सोमवार ते शुक्रवार माहेरी आणि शनिवारी सासरी, असं ठरलं. सासूबाई तोंडावर काही बोलत नसत. मी शनिवारी गेले की शेजारणीला सांगायच्या, "आली बघ आमची पाहुनी." मी हसून सोडून द्यायची. सप्टेंबरात तीन वर्षं पूर्ण होणार होती. त्यानंतर मी कायम झाले असते, मग रजा, बदली, काय ते रीतसर मागता आलं असतं.

त्याच्या आदल्या दिवाळीत हे रजेवर आले तेव्हा आम्ही ती पेटी घेतली. लग्नात आलेली भांडी, कुकर, दोन रजया असं सगळं घरात इकडेतिकडे पडलं होतं. हे म्हणाले, "पुढे संसार मांडायचाच आहे. एका पेटीत भरून ठेवू." वडील म्हणाले, "मी शिवून देतो. उंदीर लागायचा न्हाय." माझी शाळा त्या दिवशी अर्धा दिवस होती. मी घरी आले तेव्हा पेटीवर गोणपाट ओढून झालं होतं आणि तीन बाजू शिवूनही झाल्या होत्या. चौथ्या बाजूला मीच सुतळीचं टोक धरून बसले. हे कॉटवर बसून चकली खात होते. गोणपाटावर वडिलांनी ह्यांचा नंबर आणि नाव काढलं. खाली जागा मोकळी ठेवली.

"गावाचं नाव?" मी विचारलं.

"जवा जाशील तवा काढू," वडील म्हणाले.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी पेटीलाही हळदकुंकू लावलं. शिवणीच्या गाठीवर कुंकवाचं बोट टेकवलं. मग पेटी माळ्यावर गेली.

मार्चमध्ये हे अचानक चार दिवसांसाठी आले. जेवण झाल्यावर म्हणाले, "पोस्टिंग आली. राजस्थान. एकदम बॉर्डरकडे. मेमध्ये रिपोर्ट करायचंय."

मी म्हटलं, "बरं. तुम्ही पुढे जा. मी सप्टेंबर झाला की येते."

"तसं नाही. फॅमिलीसकट ऑर्डर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे फॅमिली घेऊनच रिपोर्ट करायचंय. लांबचा तळ आहे. तिथले नियम वेगळे असतात."

मी वडिलांकडे पाहिलं. आमच्या घरात सरकारी हुकूम म्हणजे काय, तो कसा असतो, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. वडील भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "सरकारचा हुकूम हाय. त्याच्यात आपुन काय करनार?"

"पण बाबा, मेनंतर साडेचार महिने फक्त राहतात."

"मला म्हाईत न्हाय काय?" ते म्हणाले आणि उठून बाहेर गेले. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं. बाई कडक होत्या, पण माझ्यावर त्यांची माया होती. त्या म्हणाल्या, "राजीनामा देऊ नका. मिस्टरांच्या ऑर्डरची झेरॉक्स आणा. सरकारी बदलीमुळे जावं लागतंय हे कागदावर दिसलं, तर मी संस्थेकडे बिनपगारी रजेचं बोलून बघते. मिळेलच असं नाही. पण बोलते."

मी धावत एस.टी. पकडून घरी आले. ह्यांना म्हटलं, "ऑर्डर द्या, झेरॉक्स काढून आणते."

"अगं, लष्करी कागद आहे तो. बाहेर दाखवता येत नाही."

"शाळेत तर द्यायचाय."

"शाळा बाहेरच झाली ना."

मी विश्वास ठेवला. हवाई दलाचे कागद बाहेर दाखवायचे नसतात, हे मला खरंच पटलं. उलट आपण अशी गोष्ट मागितली याची लाज वाटली. परीक्षेचे निकाल लावून मी राजीनामा दिला. बाईंनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अहो, साडेचार महिने." वर्गातल्या मुलींनी पावडरचा डबा आणि रुमाल दिला. एकीने विचारलं, "बाई, तुम्ही विमानात बसणार का?"

सामान न्यायची सोय वडिलांनी केली. भिवंडीचं कोरं कापड रंगवायला ट्रकने राजस्थानात जातं. अशाच एका ट्रकवर पेटी चढवायची, पुढे तळावरची गाडी ती आणणार. पेटी माळ्यावरून खाली काढली. वडिलांनी रंगाचा डबा आणला, कुंचला धुतला आणि मला म्हणाले, "कागदावर नाव लिवून दे. मोठं लिव."

मी वहीचं पान फाडून मोठ्या इंग्रजी अक्षरांत त्या तळाचं नाव लिहिलं. त्यांनी ते पान पेटीवर ठेवलं, एकेक अक्षरावर बोट फिरवलं, मग गोणपाटावर उतरवलं. मधे थांबून एका अक्षराबद्दल विचारलंही, "ह्याचा पाय असाच ना?" मी म्हटलं, "हो बाबा, असाच." मी त्यांच्या बाजूला बसून रंगाचा डबा धरला होता. माझे डोळे भरले होते आणि ते पाहून त्यांनी मान दुसरीकडे केली.

तळ खरोखर एका टोकाला होता. स्टेशनवरून गाडीने तासभर वाळूतून गेल्यावर फाटक लागलं. आत सरळ आखलेले रस्ते, चुन्याने रंगवलेले दगड, काट्याची झाडं आणि रांगेत क्वार्टर. शेवटच्या रांगेतलं शेवटचं आमचं. त्यापुढे तारेचं कुंपण आणि मग काहीच नाही. विमान उडालं की भांडी वाजायची, आणि ते गेलं की इतकी शांतता व्हायची की मला कामतघरची लोडशेडिंग आठवायची. दिवसातून पाच-सहा वेळा वाळू झाडायची. शेजारणी चांगल्या होत्या. एक पंजाबी, एक केरळची. दोघी माझ्या हिंदीला हसायच्या. "तेरी हिंदी तो बंबई के मवाली जैसी है," पंजाबी शेजारीण म्हणायची. मी म्हणायची, "भिवंडी की है दीदी, उससे भी खराब."

एकदा तिलाच मी सहज म्हटलं की फॅमिली आणायची सक्ती नसती तर मी सप्टेंबरात आले असते. ती चहा ओतत होती. म्हणाली, "जबरदस्ती? यहाँ फॅमिली लाने की जबरदस्ती कौन करता है? मेरे जेठ भी यहीं थे, जेठानी तो दो साल नहीं आई." मी म्हटलं, आता नियम बदलले असतील. ती म्हणाली, "होगा." तेव्हाही मी काही ओळखलं नाही. मला वाटलं, तिला माहीत नसेल.

आम्ही आल्यावर पंधरा दिवसांनी पेटी आली. हे ड्युटीवर होते. दोन जवानांनी ती आत ठेवली. गोणपाट वाळूने भरलं होतं, बाहेरचा मार्का घासून अर्धा गेला होता. शिवण कापायची नसते, हे वडिलांनी शिकवलं होतं. उजवीकडची गाठ सोडवून एक टोक ओढलं की सगळी सुतळी सरसर निघते. गाठीवर माझं कुंकवाचं बोट अजून होतं, वाळून तपकिरी झालेलं. मला फार माहेरची आठवण आली. गाठ सोडवली, टोक ओढलं, गोणपाट खाली पडलं.

पेटीच्या काळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत नंबर, नाव आणि त्याखाली ह्याच तळाचं नाव.

मला आधी आनंदच झाला. वडिलांची आतल्या मार्क्याची सवय! बाहेरचा घासला गेला, पण आतला राहिला. मी अक्षरांवरून हात फिरवला. एका अक्षराचा पाय त्यांनी नेहमीसारखा लांब ओढला होता. मी मनात म्हटलं, बाबांना आज फोन करून सांगते, तुमचा आतला मार्का कामाला आला.

मग मी गोणपाट उचलून घडी घालायला लागले. घडी घालता घालता गाठीवरचं कुंकू परत दिसलं.

ते मी दिवाळीत लावलं होतं. त्यानंतर शिवण उसवलेली नव्हती. म्हणजे आतलं नाव दिवाळीत काढलं होतं. पोस्टिंग मार्चमध्ये आली होती.

मी खाली बसले. पुन्हा पुन्हा तोच हिशोब केला, कुठे तरी मी चुकत असेन म्हणून. वडिलांनी मध्ये पेटी उघडली असेल, पुन्हा शिवली असेल. पण मग कुंकू गाठीवर कसं राहील? आणि एप्रिलमध्ये माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं ते? ह्याचा पाय असाच ना, असं विचारलं ते?

हे दुपारी जेवायला आले. दारातच थांबले. पेटी पाहिली, मला पाहिलं. सायकलची किल्ली हातातच होती.

"हे नाव कधी लिहिलंय?" मी विचारलं.

त्यांनी किल्ली खिडकीत ठेवली. मग जे बोलले ते मी कधी विसरणार नाही. म्हणाले, "त्यांना सांगितलं होतं मी, आत लिहू नका म्हणून."

एवढ्यावरून मला सगळं कळलं, पण मी सगळं वदवून घेतलं. ऑर्डर ऑक्टोबरात आली होती. ती आपोआप आली नव्हती. ह्यांनीच अर्ज केला होता, ह्या तळाला जायला तयार आहे म्हणून, कारण इथे कुणी यायला तयार नसतं आणि क्वार्टर लगेच मिळतं. ऑर्डरवर ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणून झेरॉक्स दाखवता येत नव्हती. फॅमिलीची सक्ती वगैरे काही नव्हतं.

"बैठकीत तुम्ही हो म्हणाला होतात," मी म्हटलं.

"म्हणालो होतो. चार-चार महिन्यांनी आठ दिवस घरी यायचं, तेही तुझ्या शाळेच्या वेळा सांभाळून. कंटाळलो होतो मी."

"मग मला सांगायचं."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. नाही म्हणाले असते."

"तेच तुझे बाबा म्हणाले. मी दिवाळीत त्यांनाच आधी सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या शब्दाला ती न्हाय म्हनेल. सरकारचा हुकूम हाय सांगा. सरकारला न्हाय म्हननार न्हाय."

ह्यांचा राग आला होता. पण हे वाक्य ऐकल्यावर ह्यांच्यावरचा राग कुठल्या कुठे गेला. नवऱ्याला ओळखून मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

फाटकाजवळ एक एस.टी.डी. बूथ होता. मी तशीच उन्हात चालत गेले. चाळीच्या तोंडावरच्या दुकानात फोन लावला, वडिलांना बोलवायला सांगितलं. ते येईपर्यंत फोनमधून लूमचा खडखडाट ऐकत उभी राहिले.

"बोल," वडिलांचा आवाज आला. धाप लागली होती. "पेटी पोचली?"

"पोचली."

"गोनपाट काढलंस?"

"काढलं, बाबा."

मग ते म्हणाले, "हात गेला गं. आपसूक गेला."

"मी ते विचारत नाही. का केलंत ते सांगा."

"तुजी सासू येऊन बसायची. तू शालेत असताना. म्हनायची, तुमाला पोर मास्तरीन पायजे का माज्या घरची सून पायजे ते एकदा सांगा. चालीतली लोकं ईचारायची, जावयानं टाकली काय म्हनून. मी कुनाकुनाला सांगू तीन वर्सांचं?"

"मला सांगायचं ना बाबा. मी तुमच्याच घरात होते. रोज समोर जेवत होते."

"तुला सांगून काय व्हनार होतं? तू शिकलेली. तुज्यासंगं बोलून मी जिंकलो असतो काय?"

ज्या शिक्षणासाठी त्यांनी माझी पिशवी धरली, त्याच शिक्षणामुळे माझ्याशी समोरासमोर बोलायची त्यांना भीती वाटली होती. मी म्हटलं, "कागदावर लिहून का घेतलंत माझ्याकडून?"

ते म्हणाले, "ठेवतो. शिफ्ट हाय." आणि ठेवला.

शाळेला फोन लावायला मला आणखी दोन दिवस लागले. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "जून लागला हो. तुमच्या जागी माणूस रुजू झाला परवा. पंधरा दिवस आधी बोलला असतात तर..." मग त्यांनी वाक्य तसंच सोडलं आणि तब्येतीचं विचारलं.

दीड वर्ष मी माहेरी गेले नाही. आईशी फोनवर बोलत होते. वडील फोनवर आले की मी जेवणाचं, पावसाचं बोलायची. तळावर लहान मुलांची एक शाळा होती, अधिकाऱ्यांच्या बायका चालवायच्या. तिथे मी बालवर्गाला शिकवायला लागले. मुलं गोड होती. पण तिथे कच्चं-पक्कं असं काही नव्हतं. बदली झाली की शाळाही सुटायची. ह्यांनी एकदा काळा रंग आणला, पुढची बाजू रंगवून टाकतो म्हणाले. मी नको म्हटलं. त्यांनी रंगाचा डबा गुपचूप मोरीच्या मागे ठेवून दिला. आम्ही भांडलो नाही. आम्ही नीट संसार केला, आजही करतो आहोत. पण त्यानंतर ह्यांनी आणलेला प्रत्येक कागद मी स्वतः वाचते, आणि मी न मागता तेही तो माझ्यापुढे ठेवतात.

एकदा आई फोनवर म्हणाली, "बाबा सगल्यांना सांगत्यात, पोर तिकडं पक्की झाली म्हनून. मोठ्या सरकारी शालेत."

मी विषय बदलला. पण मला तेव्हा पुन्हा एकदा तितकंच लागलं. पहिलं खोटं माझ्याशी बोलून झालं होतं. आता माझ्याबद्दल बोलणं चाललं होतं.

दिवाळीत मी गेले. कामतघरला पोचले त्या दुपारी आईने डबा हातात दिला, पूर्वीसारखा, जसं मधे काही घडलंच नाही. मी कारखान्यात गेले. वडील गठाण बांधत होते. थोडे वाकले होते. मला पाहून म्हणाले, "आलीस?" मी हो म्हटलं आणि डबा खिडकीत ठेवला.

घड्या घालणारे चाचा लांबूनच ओरडले, "अरे मास्टरनी! सुना है पक्की हो गई! पेढा किधर है?"

आजूबाजूचे दोघं-तिघं हसत माझ्याकडे बघायला लागले. वडिलांनी वर पाहिलं नाही. दाभणात सुतळी ओवत होते.

मला हो म्हणता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं, आणि त्या माणसाने माझ्यासाठी काय काय केलं ते माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? पण माझ्याने ते झालं नाही. मी लूमच्या आवाजावरून ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "नहीं चाचा. पक्की नहीं हुई. साढ़े चार महिना बाकी था."

चाचांना कळेना. त्यांनी वडिलांकडे पाहिलं. "पर ये तो बोला..."

वडिलांनी दाभण खाली ठेवलं. माझ्याकडे नाही, चाचांकडे बघून म्हणाले, "वो सच बोलती है. पक्की नहीं हुई. मैंने होने नहीं दिया."

चाचा उगीचच घडी पुन्हा उलगडून घालायला लागले. मी तिथेच उभी राहिले. माफ केलं असं काही मला वाटलं नाही, आणि त्यांनी ते मागितलंही नाही. त्यांनी शेठने दिलेला कागद ताग्यांवर ठेवला, कुंचला डब्यात बुडवला, आणि एकेक अक्षर सावकाश बघत आधी आतला मार्का काढला. तो वाळेपर्यंत थांबले. मग वर गोणपाट ओढलं, आणि सुतळीचं एक टोक माझ्या बाजूला सरकवलं. थोडा वेळ ते तसंच पडून राहिलं. मग मी खाली बसून ते धरलं.